अर्धं जहाज

१

जहाज जागेवर नव्हतं.

घोडेगावात जहाज म्हटलं तर कुणीही हसेल. समुद्र राहिला सह्याद्रीच्या पलीकडं. इथं पाणी म्हणजे घोड नदी, तीही माघात गुडघाभर. पण गेले दोन महिने परसातल्या खोलीत एक जहाज होतं, आणि बाजाराच्या दिवशी दुपारी इंद्रायणी कडेवरचं पोर सावरत तिथं डोकावली, तेव्हा नुसते सुतारकामाचे दोन लाकडी घोडे एकमेकांकडं तोंड करून उभे होते. त्यांच्या पाठीवरचं अडीच हातांचं ओझं गेलेलं.

तिनं आधी मुलाला घट्ट धरलं, मग दार लावून घेतलं, मग परत उघडलं. जणू दार उघडल्यावर जहाज परत दिसणार होतं.

मुंबईच्या सरकारी गोदीत नवी गनबोट बांधायची होती. असं जहाज एकदम बांधत नाहीत. आधी कागदावर नकाशे, नकाशांवरून लाकडाचा नमुना, नमुन्याच्या अंगावर एकेका पत्र्याची शाईची रेघ, त्या रेघांच्या मापानं विलायतेला पोलादी पत्र्यांची मागणी, आणि पत्रे बोटीनं येऊन पडले म्हणजे कुठं हातोड्याचा पहिला घाव. तिचा नवरा सावळाराम गोदीत नकाशे आणि नमुने करायच्या कामावर होता. चाळीत प्लेगचे उंदीर पडायला लागले तेव्हा तान्ह्या पोराकडं बघून साहेबानं त्याला गावी जाऊ दिलं, नमुन्याचं काम मात्र बरोबर दिलं. बावीस फेब्रुवारीला नमुना साहेबाच्या टेबलावर हजर पाहिजे. अजून एकोणीस दिवस होते.

नमुना होता अर्धाच. जहाज नाकापासून शेपटापर्यंत उभं चिरलं तर जसं दिसेल तसा; एक अंग फुगीर, दुसरं फळीसारखं सपाट. "दोन्ही बाजू सारख्याच असतात," सावळारामनं तिला सांगितलं होतं. "मग मरायचं दोनदा कशाला?" आणि तिच्या फणेरपेटीतला आरसा काढून त्यानं सपाट अंगाला लावला होता. आरशात उरलेलं अर्धं उमटलं, आणि एक आख्खं जहाज खोलीत तरंगायला लागलं. बाळ हात पसरून खिदळलं होतं.

सरकारनं गेल्याच साली गुपितांचा कायदा आणखी आवळला होता. लढाऊ जहाजाचा नमुना हरवला म्हणजे नोकरी गेली एवढ्यावर भागणार नव्हतं. सावळाराम तुरुंगात आणि ती सात महिन्यांचं पोर घेऊन कुठं?

ठमाबाई नदीवरून धुणं घेऊन आली. घरची वरकामं करणारी बाई, पण दरारा सासूचा.

"ठमाबाई, या खोलीत कोण आलं होतं?"

"मला काय ठावं? मी गेल्ते नदीवर. तुमी व्हता की घरात."

"मी बाळाला पाजत होते." इंद्रायणीची नजर खाली गेली आणि तिथंच थांबली. सकाळपर्यंत या जमिनीवर लाकडाच्या ढलप्या आणि भुसा पाऊलभर साचलेला होता. आता शेणानं सारवलेली जमीन लख्ख दिसत होती. "खोली तुम्ही झाडली?"

"म्या? मालक म्हनले व्हते ना, हितं केरसुनी लावायची न्हाई म्हनून!"

म्हणजे चोरानं चोरी केली, आणि जाता जाता खोली झाडून गेला.

२

सावळाराम टपालकचेरीतून आला. ऐकल्यावर तो उंबऱ्यावरच बसला.

"फौजदाराकडं जायचं का?" तिनं विचारलं.

"नाही."

"अहो, पण उद्या साहेबाला दुसरीकडून कळलं तर?"

"नाही म्हणतो ना! लाकूड कुणी—" तो थांबला. "नमुना कुणी नेला ते आधी आपण बघू."

लाकूड? दोन महिने त्याच्या तोंडी नमुना होता, जहाज होतं, लाडात आला तर बोट होती. लाकूड हा शब्द तिनं आजच ऐकला. इंद्रायणी पुण्याच्या कॉलेजात दोन वर्षं शिकली होती. तर्कशास्त्राचे मास्तर सांगत, माणूस खोटं बोलताना विचार करून बोलतो, म्हणून जो शब्द विचार न करता निसटतो तो वेचून ठेवा. तिनं तो वेचून ठेवला. नवऱ्याच्या बाबतीत असं करावं लागेल, हे मास्तरांनी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळच्या आत दोघं पाहुणे येऊन गेले.

पहिला हौशीराम. निरगुडसरचा, सावळारामच्याच कचेरीतला, बहिणीच्या लग्नासाठी रजेवर आलेला. नमुन्याचं काम आपल्याला मिळावं म्हणून त्यानं साहेबाच्या मागं मागं फिरून बूट झिजवले होते, हे सगळ्या गोदीला ठाऊक होतं.

"काय वहिनी, बोट निघाली का पाण्यावर?" तो ओसरीवर टेकत म्हणाला. "आमचा साहेब म्हणतो, सावळारामचा हात म्हणजे हात! आमचे काय खूर होते?"

"चहा घेता का?"

"घेतो. तिकडं जपान्यांनी पोर्ट आर्थर घेतलं, रशियाची जहाजं बंदरात बुडाली. आता बघा, साहेब एकेका नकाशाला जिवापाड जपणार. सांभाळून राहा. असला कागद कुणाच्या हाती लागला तर सोन्याचा भाव येईल."

त्यानं हे का सांगावं? सहज की चाचपून? तिनं चहात साखर जास्त घातली आणि त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. तोंड गोड झालं एवढंच दिसलं.

दुसरा आला पीरमहंमद, जुन्नरचा कागदी, हातानं कागद करणारा. त्याच्या खांद्यावर माणसाएवढं वेळूचं नळकांडं. नमुन्याच्या पोटावर ओला कागद बसवून पत्र्यांचे आकार उचलायचे असत. गिरणीचा कागद ओला झाला की लगदा होई, म्हणून सावळारामनं जुन्नरी कागदाचे मोठे ताव सांगितले होते.

"पाण्यात बुडवा, अंगावर ताणा, वाळवा. फाटला तर माझं नाव पीरमहंमद न्हाई," म्हातारा म्हणाला. इंद्रायणीचं लक्ष नळकांड्याकडं. एवढ्या नळकांड्यात काय काय मावेल!

"चाचा, तुम्ही गावात कधी आलात?"

"दुपारचाच आलो ताई. गाडीच्या चाकाचा आरा बसवायला बाजारात थांबलो. काय वखत आला! लाकडाला सुद्धा गिऱ्हाईक न्हाई राहिलं. डोंगरातली एक बाई, हिरडा विकायला आलेली, डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन परत डोंगराकडं निघालेली पाहिली मी. बिचारीची मोळी खपली न्हाई वाटतं."

"हं," इंद्रायणी म्हणाली. तिचं लक्ष अजून नळकांड्यातच होतं. ते उघडल्यावर आतून ताव निघाले. तावांशिवाय काहीच नाही.

३

आठ दिवस गेले. सावळाराम जेवेना. नकाशांची पेटी आता माजघरात, तिच्या डोळ्यांसमोर होती. कुलूप होतं पण किल्ली सापडेना, म्हणून नुसती कडी. इंद्रायणी दिवसातून दहा वेळा ती उघडून कागद मोजी आणि वीस वेळा झोळीत हात घालून बाळाचा श्वास बघे.

पुन्हा बाजाराचा दिवस आला. हौशीराम मुंबईला परत निघाला म्हणून निरोप घ्यायला ओसरीवर बसला होता. सावळाराम "आलोच" म्हणून कुठंतरी गेला होता. ठमाबाई बाजारात. बाळ माजघरात झोळीत झोपलेलं.

"मग वहिनी, साहेबाला काय सांगू? काम कुठवर आलं?"

"सांगा, रेघा मारायच्या राहिल्यात," ती म्हणाली. खोटं बोलताना विचार करावा लागतो, ते मास्तरांचं खरंच होतं.

हौशीराम पाव तास बसला, दोन टोमणे मारून गेला. ती आत वळली आणि माजघराच्या दारातच थांबली.

अंथरुणाच्या वळकट्या सोडलेल्या. धान्याच्या कणगीत काठी खुपसलेली. माळ्यावरची पेरणीची पाभर खाली काढून भिंतीला टेकवलेली. नकाशांची पेटी उघडी.

ती झोळीकडं धावली. बाळ होतं. झोपेत ओठ चोखत होतं. तिनं त्याला उचलून छातीशी धरलं आणि तेव्हा तिच्या हाताला काहीतरी लागलं. बाळाच्या कमरेला नवा काळा दोरा बांधलेला होता, दोऱ्यात बिब्बा ओवलेला. आणि झोपतानाही ज्याच्या मुठीतून सुटत नसे, तो लाकडी खुळखुळा नाहीसा झालेला.

चोर आला होता. तिच्या लेकरावर वाकला होता. त्याची मूठ सोडवली होती. आणि त्याच्या कमरेला गाठ मारून गेला होता.

ठमाबाई परत आल्यावर शपथेवर म्हणाली, "माझ्या नातवाची आन, म्या न्हाई बांधला. सोडू नका पर. बिब्बा चांगला असतो." मग ती परसात गेली आणि तिथूनच ओरडली, "बया बया! सूनबाई, हिकडं या! पान्याच्या चुलीतली राख कोन घेऊन गेलं वो?"

४

राख!

नकाशांना सोन्याचा भाव येईल म्हणे. इंद्रायणीनं पेटीतले कागद मोजले. बाविसाच्या बावीस. एकाचीही घडी मोडलेली नव्हती. पेटी उघडली होती, आत पाहिलं होतं आणि नको म्हणून सोडली होती.

ती मांडीवर बाळ घेऊन चुलीपुढं बसली. काय गेलं? आधी जहाज आणि खोलीतला भुसा. आज चुलीची राख. सरपणाच्या ढिगातून चार तुकडे. ढीग विस्कटून बाभळीचं, बोरीचं लाकूड बाजूला टाकलेलं, आणि नमुना कोरताना निघालेले पिवळट तुकडे तेवढे वेचून नेलेले. खुळखुळा सावळारामनं त्यातल्याच एका तुकड्याचा केलेला. आणि राख? गेले दोन महिने त्या चुलीत ठमाबाई त्याच ढलप्या जाळत होती.

म्हणजे चोराला जहाज नको होतं. त्याला लाकूड हवं होतं. त्या लाकडाचा कण न् कण.

मग वळकट्या का सोडल्या? कणगीत काठी का घातली? पाभर का खाली काढली? चोर काहीतरी लांबट शोधत होता. अडीच हात लांब. एक न्यायचं राहून गेलं असं त्याला वाटत होतं.

"दुसरं अर्धं," ती मोठ्यानं म्हणाली. बाळ दचकलं.

ज्यानं जन्मात असला नमुना पाहिला नाही, त्यालाच वाटणार की याची जोडी घरात कुठंतरी लपवलेली आहे. हौशीराम रोज असले नमुने बघतो. तो त्या वेळी तिच्यासमोर ओसरीवर बसला होता, ते तर वेगळंच. पीरमहंमद नमुन्यांच्या मापाचे ताव करतो, आणि आज तो जुन्नरला. दोघांवर घेतलेला संशय तिला आता कडू लागला.

राहिला सावळाराम. दुसरं अर्धं तो कशाला शोधेल? पण तो पाव तास होता कुठं? आणि "लाकूड" म्हणून थांबला का?

तो गोठ्यातून येताना दिसला. बाहीवर कडब्याची कुसं. तो हातपाय धुवायला गेला तशी इंद्रायणी गोठ्यात शिरली, कडब्याच्या पेंढ्या बाजूला केल्या आणि हात आत घातला.

आत लाकडाचा एक ओंडका होता. अडीच हातांचा. मधोमध उभा फाटलेला. आणि त्याच्या टोकावर तापल्या लोखंडानं उठवलेला गोदीचा शिक्का.

५

"हा गोदीचा ओंडका," ती म्हणाली. "मग चोरीला गेलं ते कशाचं होतं?"

सावळारामनं ओला चेहरा पुसला नाही. "मुंबईच्या दमट हवेतलं लाकूड. इथल्या कोरड्या थंडीत आठ दिवसांत तडकलं. साहेबाला कळवलं असतं तर काम हौशीरामकडं गेलं असतं. आजही तो आला तसा आधी हा नीट झाकायला धावलो."

"म्हणून दुसरं आणलंत. कुणाकडून?"

"एक डोंगरातला माणूस आहे, कुशाबा. सुतारकामाची हौस आहे त्याला. त्यानं शिवणीचा ओंडका आणून दिला. काय लाकूड होतं! वर्षानुवर्षं वाळलेलं, चीर नाही, गाठ नाही. मी त्याला माझी विलायती पटाशी दिली."

"डोंगरातला म्हणजे कुठला?"

"आहुप्याचा."

इंद्रायणी खाली बसली. कोंबडीनं पिलांना झाकावं तसे तिनं दोन्ही हात बाळावर ठेवले.

"अहो, डोंगरात पडलेलं लाकूड वर्षभर कुणी ठेवतं का? पावसाळ्याच्या आत चुलीत जातं. शिवणीचं झाड पडून वर्षानुवर्षं वाळतं आणि त्याला कुणी हात लावत नाही, अशी जागा आहुप्यात एकच असेल ना?"

त्याचा चेहरा उतरला. "देवराई."

"तुम्ही विचारलं नाहीत?"

"विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं," तो हळूच म्हणाला. "म्हणून नाही विचारलं."

देवराईतली काडी बाहेर न्यायची नाही, हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक. नेलीच तर सगळी परत द्यायची. काडी तर काडी, राख तर राख. आता तिला ती मोळीवाली बाई डोळ्यांपुढं दिसली. तिनं पाहिलीच नव्हती, पीरमहंमदनं पाहिली होती. जिच्या दारात जंगल उभं, ती डोक्यावर मोळी घेऊन डोंगराकडं कशाला जाईल? माघाच्या थंडीत घोडेगावात मोळी खपत नाही, हे झालंय कधी? मोळीत बाहेरून काटक्या होत्या. आत जहाज होतं.

"बाजाराच्या दिवशीच दोन्ही चोऱ्या," ती म्हणाली. "हिरड्याची पाटी घेऊन येते, मोळी घेऊन जाते. मोळीवाल्या बाईकडं कोण बघतं?"

सावळाराम ताडकन उठला. "बैल जुंपतो. बारा दिवस आहेत अजून. आज काढून आणतो ते—"

"मी येणार."

"पोराला घेऊन? त्या रानात?"

"ती माझ्या पोरापर्यंत आली होती," इंद्रायणी म्हणाली. "मला तिला बघायचंय. आणि चाचांचे ताव बरोबर घ्या."

फणेरपेटी मात्र तिनं स्वतःच गाठोड्यात बांधली.

६

गाडी पायथ्याशी सोडून पुढं चालावं लागलं. दुसऱ्या दिवशी आहुप्याला पोचले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं, पण देवराईत पाय टाकला आणि ऊन बाहेरच राहिलं. शेंदूर फासलेल्या दगडापाशी एक बाई पाठमोरी बसली होती. तिच्या पुढ्यात पालथं घातलेलं जहाज, शेजारी भुशाचं बोचकं, राखेचं बोचकं, आणि सगळ्यांत वर बाळाचा खुळखुळा.

सावळाराम पुढं झाला. इंद्रायणीनं त्याचा हात धरला.

"भागू?" वाटेत तिनं कुशाबाच्या बायकोचं नाव विचारून घेतलं होतं.

बाई वळली. वयानं तिच्याएवढीच. डोळ्यांखाली काळं. "मी चोर न्हाई, बाई."

"ठाऊक आहे. चोर राख नेत नाही."

मागं कुशाबा येऊन उभा राहिला होता, मान खाली घालून, हातात ती विलायती पटाशी. ती त्यानं सावळारामच्या पायांपाशी ठेवली.

"ही घरात दिसली तवा इचारलं, कुठनं आनली?" भागू म्हणाली. "आदी बोलंना. मंग पोरीला ताप आला, तवा बोलला. हितलं वाळलेलं पान बी कुनी भाईर न्हेत न्हाई बाई, आन् ह्यानं वंडका न्हेला! सा दिस पोरगी डोळा उघडंना. म्या ह्ये आनलं तशी ताप निम्मा झाला. निम्माच! मंग म्हनलं, अर्ध दिलंय, तर देव बी अर्धाच सोडनार." ती पुढं सरकली, हात जोडले. "उरलेलं कुठं दडवलंया? पाया पडते. तुमी बी आई हायसा."

"आणि माझ्या बाळाचा दोरा?"

"त्येच्या मुठीत द्येवाचं लाकूड व्हतं. माझ्या पोरीचं झालं, तसं त्येचं झालं तर? आमच्या पोरीसाठी दोरा केला तवा दोन केलं. लेकरू उठलं न्हाई, गुनाचं हाय."

आठ दिवस जिची इंद्रायणीला दहशत बसली होती, ती ही. तिच्या पोराची मूठ हळूच सोडवणारी. इंद्रायणीला रागवायचं होतं. वाटेत तिनं वाक्यंसुद्धा जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना.

"उरलेलं अर्धं नाहीच, भागू. केलेलंच नाही."

"असं अर्ध कुनी करतं व्हय?" भागूच्या आवाजाला धार आली. "अर्ध्या व्हडीत कोन बसंल? शिकल्या-सवरल्या बाईनं खोटं बोलू न्हाई."

सावळाराम नकाशे, पत्रे, मापं समजावायला लागला, तशी ती आणखीच लांब सरकली. कुशाबाची नजरही बदलली. इंद्रायणीनं बाळ नवऱ्याकडं दिलं, गाठोडं सोडलं आणि फणेरपेटी उघडून आरसा काढला. जहाज दगडासमोर उभं धरलं, आरसा सपाट अंगाला लावला.

"इकडून बघ."

भागू वाकली. बराच वेळ वाकून राहिली. मग तिनं हात आरशामागं घालून चाचपून पाहिलं. तिथं हवा होती. पुन्हा पुढून पाहिलं. आख्खं जहाज होतं.

"आगं आई," ती म्हणाली. "म्हंजी दुसरं लाकडाचं न्हाईच!"

"नाही. सारखंच असतं, म्हणून एकच करतात. देवाचं होतं तेवढं सगळं इथं आलंय. भुसा, राख, खुळखुळा. आता काही उरलं नाही."

भागू मटकन बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. कुशाबा दुसरीकडं बघत राहिला.

"पण मला हे नेलंच पाहिजे," सावळाराम हलक्या आवाजात बायकोला म्हणाला. "नाहीतर—"

"लाकूड नेऊ नका. आकार न्या. आकार देवराईचा थोडाच आहे, तो तुमचा."

मग त्यानं वेळूचं नळकांडं उघडलं. कुशाबानं झऱ्याचं पाणी आणलं. जुन्नरी ताव भिजले, जहाजाच्या पोटावर ताणून बसले, आणि फाटले नाहीत. दिवस कलेपर्यंत एकेका पत्र्याचा आकार कागदावर उतरत राहिला. भागू ओले ताव करवंदीच्या जाळ्यांवर वाळत घालत होती, कुरड्या घालाव्यात तशा हौसेनं. तिची पोरगी झोपडीच्या दारात बसून पेज पीत होती. इंद्रायणीनं तिला तापावरच्या कोयनेलच्या पुड्या दिल्या. भागूनं त्या ठेवून घेतल्या आणि देवाला नारळ फोडला. कशानं काय झालं, याचा वाद दोघींपैकी कुणी घातला नाही.

घरी आल्यावर सावळारामनं गोदीचा तो तडकलेला ओंडका चिरून फळ्या केल्या, फळीवर फळी बसवून नवा नमुना घडवला. कागदाचे आकार तयार होते, म्हणून दोन महिन्यांचं काम नऊ दिवसांत झालं. बाविसाव्या तारखेला साहेबानं तळाशी गोदीचा शिक्का पाहिला आणि मान हलवली. त्यानं विचारलं नाही, म्हणून सावळारामनं सांगितलं नाही. ही खोड त्याची गेली नाही, हे इंद्रायणीनं मनात नोंदवून ठेवलं.

७

अडीच वर्षांनी मुंबईहून पत्र आलं. उतारावर चरबी ओतून जहाज पाण्यात सोडलं ते मागच्याच साली; मग बाष्पयंत्रं बसली, तोफा चढल्या, खोल पाण्यातल्या चाचण्या झाल्या. परवा खलाशी रांगेनं उभे राहिले, जहाजावर निशाण चढलं आणि ते सरकारी चाकरीत रुजू झालं. "गर्दीत मी मागं होतो," सावळारामनं लिहिलं होतं. "पण दोन्ही बाजूंनी फिरून पाहिलं. सारख्या आहेत."

तो बाजाराचा दिवस होता. भागू हिरड्याची पाटी ओसरीवर टेकवून बसली होती. आता ती पुढच्या दारानं येई. तिची पोरगी आणि इंद्रायणीचा मुलगा अंगणात एका काठीवरून भांडत होते. मुलाच्या कमरेला तोच काळा दोरा होता. आखूड पडला तेव्हा इंद्रायणीनं त्याला जोड दिला होता. कॉलेजातल्या मैत्रिणी हसल्या, तेव्हा तिनं नुसता त्याचा सदरा खाली ओढला.

तिनं पत्र वाचून दाखवलं. निशाणापर्यंत आल्यावर भागूनं पाटीतला हिरडा उगाच खालीवर केला.

"आमचं अर्ध तितंच हाय," ती म्हणाली. "वर शेवाळ आलंय. गेल्या पावसात चिमणीनं घरटं केलं व्हतं." मग पदरानं घाम टिपत तिनं विचारलं, "आन् तुमचं कुठवर गेलं वो, बाई?"